पखवाज वाजवणाऱ्या मुलाला झोपू द्या

अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका नगर, बीड, नाशिककडे वाढलेल्या माणसाला वाचावी लागत नाही, ती तोंडपाठ असते. पहाटे ४ ते ६ काकडा म्हणजे पहाटेची आरती आणि भजनं, मग विष्णुसहस्रनाम, ७ ते ११ ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथाभजन, ४ ते ५ प्रवचन, ५ ते ७ हरिपाठ, रात्री ९ ते ११ हरिकीर्तन आणि नंतर हरिजागर. गावोगावी तासा-अर्ध्या तासाचा फरक पडतो, क्रम तोच राहतो. सात दिवस असे जातात आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. कीर्तनकार, अन्नदाते, गायनाचार्य, मृदंगाचार्य म्हणजे पखवाज वाजवणारे, चोपदार, सगळ्यांची नावं पत्रिकेत असतात. मृदंगाचार्यांच्या आणि टाळकऱ्यांच्या यादीतली कितीतरी नावं बी.ए., बी.एस्सी., इंजिनिअरिंग करणाऱ्या पोरांची असतात. या पोरांनी झोपायचं कधी, हे त्या पत्रिकेत कुठेच नसतं.

मी तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात शिकवतो. सकाळच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर डोकं टेकून झोपलेला मुलगा दिसला की आमच्याकडे दोन निष्कर्ष निघतात. पोरगा रात्रभर मोबाइल बघत होता, किंवा पोराला अभ्यासात रस नाही. तिसरी शक्यता फारशी कुणी विचारात घेत नाही. तो रात्री शेजारच्या गावात कीर्तनाला साथ करून आला असेल आणि पहाटे आपल्या गावच्या काकड्याला उभा राहिला असेल. अशी मुलं आमच्या वर्गांत आहेत, आणि ती वर्गातली वाईट मुलं नाहीत. बऱ्याचदा सगळ्यात कष्टाळू तीच असतात.

वाद्य, भक्ती आणि अभ्यास या तिन्हींना वीस वर्षांच्या मुलाच्या दिवसात जागा आहे, असं माझं ठाम मत आहे. ती जागा अपुरी पडते याचं कारण गाव आणि महाविद्यालय दोघंही आपापलं वेळापत्रक जराही हलवत नाहीत आणि जे उरतं-वाढतं ते सगळं त्या मुलाच्या झोपेत घुसवतात. झोपेच्या बाजूने बोलणारं कुणीच नसल्यामुळे ती फुकट समजली जाते.

कार्तिकातला एक दिवस घ्या. कोजागिरीनंतर सुरू झालेला काकडा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालायचा असतो आणि याच सुमाराला हिवाळी सत्राच्या परीक्षा येतात. पोरगा आंघोळ करून साडेचारला देवळात हजर. साडेसहाला चहा पिऊन, एसटीचा पास खिशात घालून फाट्यावर. तास, प्रात्यक्षिकं, जर्नलवर सही घेण्यासाठीची रांग, आणि दुपारी अडीचला परत. घरी जनावरं असतात, शेताला पाणी द्यायचं असतं. संध्याकाळी हरिपाठ. आसपास कुठे कीर्तन असेल तर साडेआठलाच निघायचं, कारण पखवाज लावायला वेळ लागतो. डाव्या पुडीला कणीक लावायची, हातोडीने सूर मिळवायचा, माइकवाल्याशी हुज्जत घालायची. कीर्तन संपलं की कणीक खरवडायची, पखवाज गवसणीत घालायचा, पंगतीत चार घास खायचे आणि मोटारसायकलवरून घर. अंथरुणाला पाठ लागते तेव्हा साडेबारा वाजलेले असतात. साडेतीन-चार तासांनी पुन्हा आंघोळ आणि काकडा.

अठरा ते पंचवीस या वयाला रात्री ७ ते ९ तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे सांगतात. याला मिळतात त्याच्या निम्म्याने.

यावर आमच्या शिक्षकखोलीतला ठरलेला उपाय म्हणजे पखवाज सोड, आधी डिग्री घे. हा सल्ला मला मान्य नाही. एक तर पखवाज हा त्या मुलाचा छंद नसतो. पुष्कळ घरांत बिदागीच्या पैशांतूनच मेसचं बिल आणि परीक्षेचा फॉर्म भरला जातो. दुसरं, हात तयार होण्याचं हेच वय आहे. तीन-चार वर्षं वाद्याला हात लावला नाही तर पंचविशीत तो हात परत तसा वळत नाही. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या घरात कॉलेजची पायरी चढणारा हा पहिलाच मुलगा आहे, तिथे पखवाज हीच एक गोष्ट त्याला उत्तम येते आणि चारचौघांत मान देते. इंग्रजीतल्या पुस्तकापुढे दिवसभर गप्प बसणारा मुलगा रात्री हजार माणसांपुढे ताठ मानेने उभा राहतो. ते काढून घेऊन आपण त्याला अभ्यासात पुढे नेऊ, असं मानणाऱ्यांनी अशा मुलांना कीर्तनात उभं असलेलं एकदा पाहावं. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. आज आळंदीत राहून पखवाज, गायन, कीर्तन शिकणारी आणि त्याच वेळी शाळा-कॉलेजात जाणारी मुलं पुष्कळ आहेत. दोन शिक्षणं एकत्र चालवणं हा काही या पिढीचा नवा हट्ट नाही.

गावाकडून येणारा उपाय याच्या बरोबर उलटा असतो. देवाच्या कामात झोप कसली बघायची? तरणंताठं शरीर आहे, आमच्या वेळी आम्ही आठ-आठ रात्री जागलो. यातलं प्रेम मला कळतं. पण हा सल्ला वाद्याचंच नुकसान करतो, हे कुणीतरी गावाला सांगायला हवं. माणूस जे शिकतो ते पक्कं होण्याचं मोठं काम झोपेत चालतं. पुस्तकातल्या मजकुराला हे लागू आहे तसंच हाताच्या कामालाही. बोटांच्या हालचालींचा एखादा क्रम संध्याकाळी शिकवला आणि मधे रात्रभर झोप मिळाली, तर सकाळी तो क्रम सरावाशिवायच अधिक वेगाने आणि कमी चुकांनी जमतो, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. झोप मिळाली नाही तर हा फायदा मिळत नाही. ‘तिट कत गदि गन’ हा पखवाजाचा बोल हातात बसतो ते वाजवताना अर्धं आणि झोपेत अर्धं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. पेंगुळलेल्या हाताने केलेला रियाज तर आणखी वाईट, कारण त्यात चुकीचा हातही तितकाच पक्का बसतो. गवयांच्या अठरा-अठरा तासांच्या रियाजाच्या गोष्टी आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. त्या गवयांना दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मोडायनॅमिक्सचा पेपर नव्हता.

या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. किशोरवयापासून विशीच्या सुरुवातीपर्यंत झोप उशिरा येते आणि जाग उशिरा येते. हा आळस नाही, शरीराचा धर्म आहे. म्हणून पन्नाशीतल्या टाळकऱ्याला चारला उठणं जितकं सोपं जातं तितकं विशीतल्या पोराला जात नाही. ‘लवकर निजे लवकर उठे’ हे वचन त्याला ऐकवणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या पहिल्या दोन शब्दांची सोय करणारं कुणी नाही.

आता भक्तीचं बघू. जागरण हा वारकरी उपासनेचा भाग आहे यात शंका नाही, एकादशीचा जागर कोण नाकारेल? पण पंधरवड्यातून एकदा जागणं आणि महिनाभर रोज चार तास झोपणं यांना एकाच मापाने मोजता येत नाही. आणि ज्या ग्रंथाचं पारायण त्या मंडपात चाललेलं असतं, त्याचंच म्हणणं इथे निर्णायक आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात सोळाव्या आणि सतराव्या श्लोकांत सांगितलं आहे की अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही साधत नाही. झोपणं-जागणं ज्याचं नेमस्त आहे त्याचाच योग दुःख हरतो. तिथे ज्ञानेश्वरांनी लिहिलं आहे, ‘निद्रेही मानु दीजे अवसरें एकें’, वेळ झाली की झोपेलाही मान द्यावा. आणि पुढच्याच ओवीत, जागायचंच झालं तर तेही मोजकं असावं. सातशे वर्षांहून जुना हा शब्द आहे, आणि दर सप्ताहात तो मोठ्याने वाचला जातो. सकाळी पारायणाला बसून ही ओवी म्हणायची आणि रात्री त्याच मंडपात पोराला ‘झोपतोस काय, जागराला उभा राहा’ असं दटावायचं, हे संप्रदायाला धरून नाही. मी हे बाहेरून सांगत नाही. माळ गळ्यात घालून सांगतो.

खरं तर जागण्याची वाटणी कशी करावी हे सप्ताहाला कुणी शिकवायची गरजच नाही. सप्ताहात वीणा अखंड असते, सात दिवस आणि सात रात्री ती खाली ठेवायची नसते. म्हणून पहारा लावतात. दोन-दोन तासांचे पहारेकरी नेमलेले असतात, नावं फळ्यावर लिहिलेली असतात, एकाच्या गळ्यातून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. अखंड वीणा असते, माणूस नव्हे, ही समज त्या व्यवस्थेत पहिल्यापासून आहे. मग पखवाजाला पहारा का नाही? सकाळी ज्यांना कॉलेज नाही त्यांनी काकडा आणि जागर वाजवावा, विद्यार्थ्यांनी हरिपाठ आणि कीर्तन वाजवावं. ज्या गावात दोनच वाजवणारे आहेत तिथे हे अवघड जाईल, मान्य आहे. पण आज कितीतरी गावांत पाच-सहा पोरं वाजवणारी तयार झालेली आहेत आणि तरी सगळी सगळीकडे उभी असतात, कारण मागे राहिलं तर लोक काय म्हणतील, ही भीती असते. ती भीती काढणं सप्ताह समितीच्या हातात आहे. फळ्यावर नावं लिहिली की मागे राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी गोष्ट कीर्तनाच्या वेळेची. नऊची वेळ आली ती शेतीच्या दिवसातून. धारा काढून, जेवणं उरकून माणसं देवळात यायची. ते तेव्हा ठीक होतं. आता पत्रिकेत नऊ लिहिलेलं असतं आणि कीर्तन साडेनऊ-पावणेदहाला उभं राहतं. कीर्तनकार आधीच्या गावचं कीर्तन उरकून येत असतात, ते आले की पुढाऱ्यांचे सत्कार होतात, शाल-नारळ होतो, मनोगतं होतात. अर्धा-पाऊण तास यात जातो, आणि हा वेळ देवाला दिलेला नसतो. तेवढ्या वेळात पखवाजावरचा मुलगा कणीक वाळू नये म्हणून पुडीला पाण्याचा हात फिरवत उभा असतो. कायदाही याच बाजूचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादा कायम केल्या. म्हणजे अकराला संपणारं कर्ण्यावरचं कीर्तन आणि पहाटे चारचा कर्ण्यावरचा काकडा हे दोन्ही सवलतीचा दिवस नसेल तर नियमाबाहेरच आहेत, काकड्याला तर ती सवलतही नाही. काकडा देवळात बसून कर्ण्याशिवाय म्हटला तर तो कमी पोचत नाही. उलट शेजारच्या गल्लीत परीक्षेसाठी दोन वाजेपर्यंत वाचत बसलेल्या मुलीला झोप मिळते. कीर्तन संध्याकाळी सात ते नऊ घेतलं तर कायदा पाळला जातो, म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत बसतात, बायकांना घरी परतायला बरं पडतं आणि पखवाजी साडेदहाला अंथरुणावर असतो. हरिपाठ तासभर अलीकडे ओढावा लागेल. तेवढं होण्यासारखं आहे.

बायकांचा विषय निघाला म्हणून. आता मुलीही पखवाज शिकतात, टाळ घेऊन पावली खेळतात, कीर्तन करतात. त्यांच्या वाट्याला या सगळ्याशिवाय घरची सकाळ येते, भाकरी, पाणी, भांडी. भावाला काकड्याहून आल्यावर चहा मिळतो, तिला तो करावा लागतो. तिच्या झोपेचा हिशोब आणखी तुटीचा आहे आणि तो मागच्या बाकावरही दिसत नाही, कारण ती वर्गात डोकं टेकवत नाही.

आता आमच्याकडे, महाविद्यालयाकडे. आम्ही ७५ टक्के हजेरीचा नियम सांगतो आणि हात झटकतो. पण २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही नव्या शैक्षणिक धोरणाची क्रेडिट पद्धत आली आहे. तिच्यात सहअभ्यासक्रमाची वेगळी क्रेडिट आहेत, आणि त्यात एनएसएस, एनसीसी, खेळ यांच्या बरोबरीने सांस्कृतिक उपक्रम आणि कलाही बसतात. प्रात्यक्षिकाच्या कामाला ३० तासांना एक क्रेडिट धरतात. काकडा, हरिपाठ, कीर्तन मिळून रोजचे पाच-सहा तास धरले तर एका सप्ताहातच हा मुलगा ३५ ते ४० तास वाजवतो, दोन सप्ताहांत दोन क्रेडिटांच्या वर जातो. तरीही आम्ही त्याला त्या क्रेडिटांसाठी वेगळा उपक्रम करायला लावतो, त्याची फाइल लिहायला लावतो, आणि ती फाइल तो रात्री एक ते दोन जागून लिहितो. त्याचं वाजवणं हाच त्याचा उपक्रम का मानू नये? संगीत विभाग असलेल्या कॉलेजने त्याचा हात ऐकावा, नसेल तिथे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे स्थानिक शिक्षक बोलवावेत. दहावीला शास्त्रीय कला आणि लोककलांचे वाढीव गुण देताना बोर्डाला हे जमतं, तर पदवीला जमायला हरकत नसावी.

यावर रास्त आक्षेप असा की सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजने भक्तीला गुण का द्यावेत? देऊच नयेत. संविधानाच्या अनुच्छेद २८ ने पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला मनाई केलेली आहे आणि ती योग्य आहे. गुण तालाला द्यायचे. मग तो ताल कीर्तनात वाजलेला असो, एप्रिलमध्ये रात्र-रात्र भीमगीतं गाणाऱ्या पथकात असो, उरुसातल्या कव्वालीच्या ढोलकीवर असो, की वसईतल्या चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांसाठी बसणाऱ्या कॉयरमध्ये असो. तिथल्या मुलांचीही झोप अशीच जाते. निकष एकच हवा, हाताला आणि गळ्याला काय येतं एवढाच. मला भीती वेगळीच आहे. क्रेडिट आलं की छायाचित्रं, प्रमाणपत्रं, अहवाल हे सगळं मागून येईल आणि झोपेचा आणखी एक तास खाईल. म्हणून हे करायचं तर एकदा ऐकून, एका पानावर नोंद करून संपवावं. आणि हजेरीतली सवलत थेट पहिल्या तासाची असावी. कार्तिकात आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यांत साडेसातचा तास नऊला नेणं वेळापत्रक समितीला अशक्य नाही. त्याचा फायदा पखवाज न वाजवणाऱ्या मुलांनाही होईल, कारण वय त्यांचंही तेच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घ्यायची परवानगी दिली आहे. संगीत शिकणाऱ्या मुलांना ती आकर्षक वाटते आणि काहींना ती झेपेलही. पण परवानगीने तास वाढत नाहीत. दुसरी पदवी घ्यायला सांगणाऱ्या प्रत्येकाने त्या मुलाला आधी झोपेची वेळ विचारावी, असं मी आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांना सांगत असतो.

मोबाइलचं काय, हा प्रश्न उरतो. तो खरा आहे. रात्री कीर्तन वाजवून आलेल्या पोराला लगेच झोप येत नाही. अंग तापलेलं असतं, कानात टाळ चालू असतात, मग तो आपलंच वाजवणं यूट्यूबवर बघत पडतो आणि एक वाजतो. इथे दोष त्याचा आहे आणि तो त्यानेच सावरायचा आहे. पण कीर्तन नऊला संपलं असतं तर हा उतरणीचा तास दहाला संपला असता, हेही तितकंच खरं.

आणि एक गोष्ट मला खरोखर घाबरवते, ती म्हणजे परतीचा रस्ता. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं संशोधन सांगतं. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे चारला उठलेला मुलगा रात्री नऊला १७ तास जागा असतो, म्हणजे कीर्तन उभं राहण्याआधीच. त्यानंतर तो अडीच-तीन तासांनी, ऊसतोडीच्या दिवसांत, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असलेल्या रस्त्याने, पाठीला पखवाज बांधून घरी निघतो. ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही, ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, तो मुलगा आपण त्या अवस्थेत रस्त्यावर सोडतो. गावाने कीर्तनकारांसाठी चारचाकी पाठवलेली असते. साथीच्या पोरांची पथारी त्या रात्री गावातच पडावी किंवा त्यांना गाडीने घरी पोचवावं, आणि हा खर्च मंडपाच्या लाइटिंगमधून कापावा. देणगीदार कुरकुरतील. कुरकुरू द्यावं.

कार्तिक दर वर्षी येतो आणि परीक्षांचं वेळापत्रकही त्याच सुमाराला लागतं. काकड्याची यादी करायला देवळात जी बैठक बसते, तिथे आमच्यासारख्या कॉलेजातल्या एखाद्या शिक्षकाने परीक्षेच्या तारखांचा कागद घेऊन जावं. ज्या पोरांचे पेपर आहेत त्यांची नावं त्या तारखांना काकड्यातून काढावीत, त्यांच्या जागी ज्यांची पेन्शन सुरू झाली आहे अशा, चारला सहज जाग येणाऱ्या जुन्या मृदंगाचार्यांची नावं घालावीत. ती माणसं गावोगावी आहेत, आणि अलीकडे त्यांना वाजवायला कुणी बोलावत नाही.